बंदूक माळ्यावर, पोरं माजघरात

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याच्या घरी बंदूक असणं नवलाचं नाही. माकडं नारळ-पोफळीची नासाडी करतात, रानडुकरं एका रात्रीत भाताचा कुणगा उकरून टाकतात, म्हणून शेती संरक्षणाचा परवाना काढलेला असतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यामुळे आपल्याकडे आजही कित्येक घरांत एकनळी ठासणीची (तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची) बंदूक आहे आणि काही घरांत बारा बोअरची दुनळी. परवान्याचं नूतनीकरण, निवडणुकीत पोलीस ठाण्यात बंदूक जमा करणं, काडतुसांचे भाव, यावर आपण तासन्‌तास बोलतो. उरलेले दिवस ती बंदूक घरात नेमकी कुठे असते आणि कोणाच्या हाताला लागू शकते, हा विषय मात्र निघत नाही. तो निघावा म्हणून हे लिहितोय, आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण यात मोघम सांगून उपयोग नाही.

अपघातानंतर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘रिकामी होती’. दुसरं, ‘साफ करताना बार उडाला’. या दुसऱ्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. दुनळी नीट साफ करायची तर फोर-एंड (नळ्यांखालचा लाकडी तुकडा) काढून नळ्या कुंद्यापासून, म्हणजे मागच्या लाकडी दस्त्यापासून, वेगळ्या कराव्या लागतात, आणि वेगळ्या झालेल्या नळीतून बार उडू शकत नाही. म्हणजे बार उडाला तो साफ करण्याआधी, बंदूक उघडून न बघता हाताळताना. घरच्यांना शिकवायची पहिली गोष्ट हीच: रिकामी हा बंदुकीचा गुण नाही. ती आत्ता, या हातात, या डोळ्यांनी करून घ्यायची तपासणी आहे. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात गेली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. देणाऱ्याने समोर उघडून दाखवली असली तरी घेणाऱ्याने स्वतः बघायचं. यात कोणी कोणाचा अपमान करत नाही.

दुनळी तपासायची रीत अशी. आधी नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. सुरक्षित दिशा म्हणजे जिकडे बार उडालाच तर मातीत जाईल अशी दिशा. कौलांकडे नाही, कारण वर माळा असतो आणि माळ्यावर माणूस असू शकतो. शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीकडे तोंड चालेल, फरशीकडे नाही, छर्रे उसळतात. बोट चापावर नाही, चापाच्या कड्याबाहेर कुंद्याला लावून सरळ. मग वरची कळ अंगठ्याने उजवीकडे दाबून बंदूक मधून मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची. दोन्ही काडतुसं काढून खिशात न टाकता समोर ठेवायची आणि मोजायची: घरं (नळीत काडतूस बसतं त्या जागा) दोन, काडतुसं किती? नंतर मागच्या बाजूने दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघायचं. आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. शेवटी करंगळी एकेका घरात घालून चाचपायची. अंधारात, घाईत डोळा चुकतो, करंगळी चुकत नाही.

करंगळीची गरज का, ते सांगतो. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जेवढा व्यास तेवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरचं काडतूस त्याहून बारीक असतं. ते चुकून बारा बोअरच्या घरात टाकलं तर घसरत पुढे जाऊन नळी अरुंद होते तिथे अडकतं. मागून बघणाऱ्याला घर रिकामं वाटतं, बार उडत नाही म्हणून तो बारा बोअरचं काडतूस मागे घालतो आणि चाप ओढतो. नळी डाव्या हाताच्या पंज्यापाशी फुटते. एका घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर दोन्हींची काडतुसं एका पिशवीत, एका खिशात, एका खणात कधीही येता कामा नयेत. वीस बोअरचं आवरण पिवळं ठेवायची प्रथा याचसाठी पडली, पण रंगावर विसंबू नका, बुडावरचा आकडा वाचा.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी. ती मोडून आत बघता येत नाही. बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते, म्हणून घरात ती जास्त धोक्याची. यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. बंदूक नक्की रिकामी असताना गज (ठासायची सळई) नळीत बुडापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर कानशीने बारीक खाच पाडायची. यापुढे बंदूक हातात घेतली की पहिलं काम म्हणजे गज आत सोडून बघणं. खाच नळीच्या तोंडाला बरोबर भिडली तर रिकामी. खाच दोन-चार बोटं वर राहिली तर आत दारू, बोळा आणि छर्रे आहेत, किंवा काहीतरी अडकलंय. दोन्ही वेळा ती भरलेलीच समजायची. गज सोडताना तोंड आणि हात नळीच्या रेषेत आणायचा नाही, गज दोन बोटांच्या चिमटीत धरायचा.

रात्री राखणीहून परत येताना बार भरलेला तसाच ठेवून, फक्त केप (घोडा आपटला की फुटून दारू पेटवणारी छोटी टोपी) काढून बंदूक खुंटीला लावायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ‘केप नाही म्हणजे उडणार कशी?’ असं म्हणतात. केप नसली तरी निपलच्या, म्हणजे केप बसते त्या टोकाच्या, भोकाखाली दारू आहेच. तिला ठिणगी कुठूनही मिळू शकते, आणि केपांची डबी त्याच फडताळात असते. भरलेली ठासणी उंबऱ्याच्या आत येता कामा नये. बार रिकामा करायचा तर रानातच, मागे मातीचा उंच बांध बघून. चुकून घरी आलीच तर केप नाही याची खात्री करायची, निपलवाटे आणि तोंडातून पाणी घालून दारू भिजवायची, आणि जाणत्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलवून बार ओढून काढायचा. भिजलेली काळी दारू पेटत नाही, पण सुकली की पुन्हा पेटते, त्यामुळे ‘भिजवून ठेवलीय’ म्हणून महिनाभर निश्चिंत राहायचं नाही.

ठासणी भरतानाच्या चुकाही घरातल्या शिकणाऱ्याला माहीत हव्यात. दारूच्या भांड्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आधीच्या बाराचा निखारा आत धुमसत असेल तर सगळं भांडंच हातात पेटतं. आधी मापात, मग मापातून नळीत. गज शेवटपर्यंत दाबून बोळा दारूवर टेकला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर दाब भलत्या जागी वाढतो आणि नळी तिथे फुगते किंवा फुटते. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीत घालणं म्हणजे तर नळी फोडायचंच काम, तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट असतो. केप चढवायची ती बसल्या जागी, नेम धरायच्या वेळीच.

आता सेफ्टीच्या खटक्याबद्दल. दुनळीच्या मानेवर सरकणारा खटका असतो, मागे ओढला की बंद. बहुतेक साध्या बंदुकांत हा खटका फक्त चाप अडवतो. आतला घोडा चढलेलाच राहतो आणि बारीकशा खाचेवर अडकून असतो. खाच झिजलेली असली, बंदूक भिंतीवरून घसरून बुडावर आपटली, तर खटका लावलेला असूनही घोडा सुटू शकतो. बाहेरचे घोडे असलेल्या जुन्या बंदुकांना तर हा खटकाही नसतो. म्हणून मुलाला ‘सेफ्टी लावली की सुरक्षित’ हे वाक्य कधीही शिकवू नका. सुरक्षित म्हणजे मोडलेली, दोन्ही घरं उघडी, लांबून दुसऱ्यालाही दिसणारी.

चाप किती जड असतो, याचाही अंदाज घरातल्या मोठ्यांना असावा. दुनळीचा चाप साधारण दीड ते दोन किलोच्या ओढीला सुटतो. पाण्याची दोन लिटरची भरलेली बाटली एका बोटाने उचलून बघा, साधारण तेवढं. लहान मूल बोटाने ओढत नाही. ते बंदूक उलटी धरून, तोंड स्वतःकडे करून, दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतं. त्याच्या अंगात तेवढं बळ नसेल या भरवशावर काहीही ठेवू नये.

आता ठेवायची जागा. खुंटी नाही, माळा नाही, कपाटाच्या मागची फट नाही, भाताची कणगी नाही. लपवणं आणि कुलपात ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरातली पोरं घर आपल्यापेक्षा जास्त हुंगतात, आंब्याच्या अढीत कुठला आंबा पिकलाय ते त्यांना आधी कळतं, मग बंदूक कळणार नाही? लोखंडी कपाट हवं आणि ते भिंतीला जखडलेलं हवं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत एक अडचण येते: चिरा मऊ आणि सच्छिद्र, साधा फास्टनर त्यात फुलतो पण धरत नाही, दोन झटक्यांत निघून येतो. भिंतीच्या जाडीपेक्षा लांब बोल्ट आरपार टाकायचा आणि पलीकडून लोखंडी पट्टी लावून नट आवळायचा. दोन वर, दोन खाली.

दुनळी सबंध ठेवायची गरजच नाही. फोर-एंड काढला की नळ्या आणि कुंदा वेगळे होतात, तीन तुकडे. नळ्या आणि कुंदा कपाटात, फोर-एंड दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या कुलपात. फोर-एंडशिवाय नळी बिजागरीवर धरून राहत नाही, त्यामुळे कपाट फुटलं तरी चोराच्या किंवा पोराच्या हाती लागते ती अर्धीच बंदूक. काडतुसं आणि केपा तिसरीकडे, कुलपातच. चापाला लावायचं कुलूप मिळतं, पण एकटं ते पुरेसं नाही: ते लावलेलं असताना काडतूस भरता येतं, आणि ढिलं बसलं तर हलून चापालाच लागतं. नळ्यांमधून आरपार जाणारी तारेची केबल त्यापेक्षा बरी, तिच्यामुळे काडतूस घरात बसतच नाही.

किल्ली. सगळी व्यवस्था इथे कोसळते. दाराच्या चौकटीवर, देव्हाऱ्यात गणपतीमागे, तांदळाच्या डब्यात, कॅलेंडरच्या खिळ्याला: या जागा घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतात. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी, आंघोळीला जातानाही. आकड्यांचं कुलूप असेल तर आकडा मुलाच्या जन्मतारखेचा किंवा गाडीच्या नंबराचा नको. आणि हे फक्त सावधगिरीसाठी नाही, कायद्यासाठीही आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. बायको, भाऊ, मुलगा यांची नावं परवान्यावर नसतील तर त्यांनी ती बंदूक ताब्यात ठेवणं हा गुन्हा होतो, मग हेतू कितीही चांगला असो. नवा परवाना काढताना सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण 2016 च्या शस्त्र नियमांनी सक्तीचं केलं आहे आणि बंदूक घरी कुठे ठेवणार याचीही हमी द्यावी लागते. ती हमी कागदावर राहू नये.

मुलांकडे वळतो. ‘आमच्या पोरांना सांगून ठेवलंय, ती हात लावत नाहीत’, असं छातीठोकपणे सांगणारे आईबाप मनापासून सांगत असतात. पण अमेरिकेत 2001 साली बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आलेला एक अभ्यास त्यांनी ऐकावा. 8 ते 12 वयाचे 64 मुलगे, दोन-तीन जणांचे गट, एका खोलीत पंधरा मिनिटं. खणात दोन पाण्याची पिस्तुलं आणि एक खरं, निकामी केलेलं पिस्तूल. 48 जणांना ते सापडलं. 30 जणांनी हातात घेतलं. 16 जणांनी चाप ओढला, खरी गोळी सुटेल इतक्या जोराने. हातात घेणाऱ्यांपैकी आणि चाप ओढणाऱ्यांपैकी दहातल्या नऊहून जास्त जणांना बंदुकीच्या धोक्याची शिकवण आधी मिळालेली होती. आणि ज्यांना ते सापडलं त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना ते खेळणं वाटलं होतं किंवा खरं की खोटं हे ठरवता आलं नव्हतं. आपली पोरं वेगळी निघतील असं मानायला कारण नाही. शिकवायचं नक्की, पण शिकवण कुलपाच्या जागी नाही, कुलपाच्या जोडीला.

शिकवायचं काय? आठ वर्षांच्या आतल्या मुलाला चारच गोष्टी, कृतीच्या भाषेत: थांब. हात लावू नकोस. तिथून निघ. मोठ्या माणसाला सांग. भाषण देऊन हे अंगवळणी पडत नाही, करून घ्यावं लागतं. खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल उशीखाली किंवा खणात ठेवा आणि मुलाला तिथून काहीतरी आणायला पाठवा. कसं वागतं ते लांबून बघा. हात लावला तर रागावू नका, पुन्हा पहिल्यापासून करून घ्या, तीनदा, चारदा, मग महिन्याने अचानक एकदा. यासाठी खरी बंदूक कधीही वापरायची नाही, निकामी केलेलीसुद्धा नाही.

आणि मूल जेव्हा खरोखर येऊन सांगेल, ‘आजी, बाबांच्या खोलीत कपाट उघडं आहे’, तेव्हा घरातल्या कोणीही ‘तू तिथे गेलासच कशाला?’ असं विचारायचं नाही. ‘बरं केलंस सांगितलंस’ एवढंच. एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी ते सांगणार नाही. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीजवळ उभं करून फोटो काढणं, दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलाने माणसावर नेम धरू देणं, हेही थांबवावं. टिकल्यांचं पिस्तूल वाईट नाही. माणसाकडे रोखायची सवय वाईट, कारण हाताला खरं-खोटं कळत नाही.

आठ-नऊ वर्षांनंतर कुतूहल वाढतं. ते दाबलं की ते चोरून पुरं होतं. घरात एक नियम करावा: ‘तुला कधीही बंदूक बघावीशी वाटली तर मला विचार, मी दाखवीन.’ आणि मुलाने विचारलं की लगेच, हातातलं काम टाकून, दाखवायची. मोडलेली, तपासलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत. नावं सांगायची: नळी, कुंदा, चाप, कडं, कळ, खटका. करंगळीची तपासणी करून दाखवायची आणि मुलाकडून तोंडी वदवून घ्यायची, क्रमाने. दोन-तीनदा दाखवलं की निम्मं आकर्षण ओसरतं. पण त्याच्या हातात द्यायची नाही. 21 वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगण्याची कायद्याने बंदी आहे, सवलत आहे ती 12 वर्षांवरच्या मुलांना नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी, देखरेखीखाली.

ज्या मुलाला खरंच गोडी आहे त्याला रेंजवर घाला. या बाबतीत महाराष्ट्रासारखं नशीब फार थोड्या राज्यांचं असेल. अंजली भागवत, सुमा शिरूर, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ब्राँझ मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. रेंजवर मूल नेम नंतर शिकतं, आधी शिस्त शिकतं: हुकूम आल्याशिवाय रायफलला हात नाही, कोणी पुढे गेलं असेल तर कोणीच काही हाताळायचं नाही. तिथली एक चीज घरी आणण्यासारखी आहे. एअर रायफल वापरात नसताना नळीतून भडक नारिंगी दोरी आरपार घालून ठेवतात, दोन्ही टोकं बाहेर दिसतात. दोरी दिसतेय म्हणजे नळीत काही नाही आणि घर उघडं आहे, हे दहा पावलांवरून कळतं. दुनळीला दोन दोऱ्या घाला. खर्च फारसा नाही.

छर्ऱ्याच्या एअरगनबद्दल थोडं, कारण ती बिनपरवान्याची म्हणून खेळण्यासारखी घरात येते. 4.5 मिलिमीटरपर्यंतची आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन 2016 च्या नियमांप्रमाणे परवान्याशिवाय घेता येते. तेवढी ऊर्जा डोळा फोडायला फार झाली. पत्र्यावर, दगडावर, नारळाच्या बुंध्यावर मारलेला छर्रा उलटून येतो, म्हणून चष्मा प्रत्येकाला, बघणाऱ्यालाही. नळी मोडून स्प्रिंग चढवायच्या बंदुकीत नळी उघडी असताना चाप दाबला गेला तर नळी फटकन मिटते आणि छर्रा बसवणारं बोट मध्ये सापडतं. छर्रा बसवेपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची. एअरगनही कुलपातच.

रानातल्या दोन-तीन गोष्टी. गडगा (सैल दगडांचं कुंपण) ओलांडताना बंदूक मोडायची, काडतुसं काढायची, बंदूक पलीकडे तोंड लांब करून आडवी ठेवायची, मग स्वतः चढायचं. सैल चिऱ्यावर पाय सरकला की हात आपोआप आवळतो, आणि हातात काय आहे ते त्या क्षणी हात बघत नाही. दोघं असाल तर एकाने दोन्ही मोडलेल्या बंदुका धरायच्या. काजूच्या बागेत रात्री खसफस ऐकून, किंवा डोळे चमकले म्हणून बार टाकायचा नाही. पूर्ण जनावर ओळखू आलं पाहिजे आणि त्याच्यामागे काय आहे तेही दिसलं पाहिजे. सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरपर्यंत जातो, एलजीचा मोठा छर्रा पाचशे मीटरच्याही पुढे. तेवढ्यात पलीकडची वाडी येते. आणि परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नाही. त्यासाठी 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी वेगळी लागते. राखणीला बहुतेक वेळा आवाजाचा बारच पुरतो. कानात बोळे किंवा वर कान झाकणारे मफ घालायचे, बारा बोअरचा आवाज कानाला कायमची इजा करण्याइतका मोठा असतो.

चाप ओढला आणि बार उडाला नाही तर बंदूक लगेच मोडायची नाही. तोंड पुढेच ठेवून काडतुसाच्या बंदुकीला किमान तीस सेकंद, ठासणीला किमान एक मिनिट थांबायचं. ओलसर दारू कधीकधी उशिरा पेटते. नुसताच ‘फुस्स’ असा मऊ आवाज झाला तर त्याहून सावध. बोळा नळीत अडकलेला असू शकतो, उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय दुसरं काडतूस घालायचं नाही.

आपल्याकडचा पाऊस बंदुकीचा वैरी. चामड्याच्या किंवा फोमच्या कव्हरात घालून ठेवलेली बंदूक चतुर्थीला काढली की गंजलेली निघते, कारण कव्हर ओल धरतं. कपाटात उघडी ठेवा, हलका तेलाचा हात द्या, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. तेल जास्त झालं तर ओघळून कुंद्याच्या लाकडात मुरतं आणि मान कमजोर होते, म्हणून तेल दिल्यावर एक दिवस नळी खाली करून उभी ठेवावी. कुंभारीण माशी नळीत मातीचं घरटं करते. बाहेरून दिसत नाही आणि बाराला नळी फुटायला तेवढी माती पुरते. पावसाळ्यानंतर पहिलं काम नळीतून आरपार बघण्याचं. ठासणीत काळ्या दारूची राख ओल खेचते, ती तेलाने जात नाही. गरम पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून मगच तेल. हे सगळं स्वयंपाकघरात करू नका, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय घासाला हात लावू नका. शिसं पोटात जातं, मुलांच्या तर फार लवकर.

काडतुसं घेताना बुडावरचा बोअर आणि खोक्यावरची लांबी बघा, खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान असो की बाहेरचं. जुन्या बंदुकांचं घर 65 मिलिमीटरचं असतं, आजची बरीच काडतुसं 70 ची. न उडालेलं 70 चं काडतूस 65 च्या घरात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. घराची लांबी नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर कोरलेली सापडते. ओलीने फुगलेलं कागदी काडतूस ठोकून बसवू नका, चुलीच्या वर सुकत घालू नका. जुनी, बुरसलेली, न उडालेली काडतुसं पुरू नका, विहिरीत टाकू नका. ती परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिसांना विचारून त्यांच्या हवाली करा. किती आणली, किती उडवली, किती उरली, याची साधी वही ठेवा. वहीत आणि डब्यात एकाचा जरी फरक पडला तर तो शोधल्याशिवाय त्या रात्री झोपू नका.

आजोबांच्या बंदुकीचा प्रश्न बऱ्याच घरांत भिजत पडलेला असतो. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावावर, बंदूक माळ्यावर. ते गेल्यापासून ती बेकायदा झाली. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसाने स्वतःच्या परवान्याचा अर्ज करायचा. परवानाधारक हयात असतानाही वय 70 झालं किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली की तो वारसाचं नाव सुचवू शकतो. हे वेळेत केलेलं बरं. वारसांत कोणालाच नको असेल तर ती विकता येते. घरात ठेवण्यासाठी भावना हे कारण पुरत नाही. घरची माणसं चार महिने मुंबईला जाणार असतील तरीही बंद घरात बंदूक ठेवू नका, जमा करा. लग्नात, शिमग्यात हवेत बार काढणं हा 2019 च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एक गोष्ट बोलायला जड आहे, तरी बोलतो. घरातलं कोणी कर्जाने, आजारपणाने, परीक्षेच्या निकालाने, दारूने खचलेलं असेल, गप्प गप्प राहत असेल, ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलत असेल, तर त्या दिवशी बंदूक घराबाहेर गेली पाहिजे. परवानाधारक स्वतः त्या अवस्थेत असेल तर भावाने, बायकोने, मित्राने त्याला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जमा करायला लावावी. कोणाला लाज वाटायचं कारण नाही, निवडणुकीत कित्येक जण जमा करतात. असे विचार अनेकदा काही तासांचे असतात, आणि त्या तासांत हाताशी बंदूक नसणं फार मोठी गोष्ट असते. सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा नंबर मराठीतही बोलतो, रात्रीही.

आता चतुर्थीचं. दीड दिवसाचा असो की अकरा दिवसांचा, गणपतीत घरात पंचवीस माणसं असतात, चाकरमान्यांची पोरं माळ्यापासून परसापर्यंत सगळीकडे धावतात, आणि त्यातली बरीचशी या घरची शिकवण न घेतलेली असतात. गणपती यायच्या आठवडाभर आधी कपाट उघडा, वही काढा, काडतुसं मोजा, फोर-एंड दुसऱ्या कुलपात आहे ना ते बघा, किल्ली खिळ्यावरून काढून करगोट्याला बांधा. शेजाऱ्यांकडे आपली पोरं आरतीला जाणार असतील तर त्यांनाही सरळ विचारा, ‘काका, तुमची बंदूक कुलपात आहे ना?’ आणि तुम्हाला कोणी विचारलं तर कपाट उघडून दाखवा.